टाचेखालची शिट्टी

आप्पा, मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. सव्वासातला तुम्ही चहा मागितलात. मी गॅसवर पाणी ठेवलं. कप घेऊन आले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात. मी हाक मारली. पुन्हा मारली. प्रशांत धावत आला. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तुमचं मनगट धरलं आणि सोडलं.

दुपारी तुम्हाला हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं. तुमच्या कंपनीतले कदम पायाचे अंगठे बांधायला बसले. त्यांनी तुमची पावलं उभी करून पाहिली. ती उभी राहिनात, पुढे झुकलेलीच राहिली. कदमांनी तळव्याला हात लावून जोर दिला. तेव्हा भिंतीशी उभी असलेली जुई म्हणाली, "काका, दाबू नका. आजोबांचे पाय तसेच असतात."

कोणीतरी तिला आत घेऊन जा म्हणालं. तिला कळत नाही, लहान आहे, असं सगळ्यांना वाटलं. आप्पा, त्या खोलीत तुमच्या पायांबद्दल सगळ्यात जास्त तिलाच कळत होतं.

काल तेरावं झालं. गुरुजींनी दानाच्या यादीत छत्री आणि चपला सांगितल्या. प्रशांत बोईसरच्या बाजारात गेला आणि तिथून मला फोन केला, "आप्पांचा नंबर काय गं?" मुलाला बापाच्या पायाचा नंबर ठाऊक नव्हता. मी सांगितलं, आठ. मला, सुनेला, ठाऊक होता, कारण मी तुमच्या पायांकडे फार वेळ रागाने पाहिलं आहे.

त्या रागाबद्दलच लिहायचं आहे. मी ग्रंथालयात काम करणारी बाई, मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं, हे तुम्ही ओळखलं होतंत. "सुजाता भांडायला बसली की आधी चष्मा पुसते," असं तुम्ही प्रशांतला सांगायचात. आत्ताही पुसून झाला आहे.

सुरुवात बुटांपासून करते. जुई दोन वर्षांची झाली तेव्हा मी तिला शिट्टीचे बूट आणले होते. लाल, वर फुलपाखरू. टाच टेकली की आतली शिट्टी दाबली जाते आणि पीं वाजतं. आपल्या बिल्डिंगमध्ये तेव्हा चार मुलं तसे बूट घालून फिरायची. संध्याकाळी जिना नुसता चिवचिवत असायचा. जुईचे बूट मात्र वाजायचे नाहीत. ती धावायची, गोल गोल फिरायची, पण बूट मुके. मी म्हटलं, शिट्टी खराब निघाली. तुम्हाला म्हटलं, आप्पा, तुमची फेरी झाली तर बदलून आणा ना.

तुम्ही गेलात. तासाभराने तेच बूट घेऊन परत आलात. शिट्ट्या काढून टाकल्या होत्यात. तळाला दोन गोल भोकं होती, त्यावर नीट कापून रबराचे तुकडे चिकटवले होते. "बदलून देत न्हाई तो," म्हणालात. "म्हटलं काढूनच टाकू. डोक्याला ताप नुसता, पीं पीं पीं."

जन्मभर फिटर म्हणून काम केलेला माणूस. रबर इतकं सफाईने बसवलं होतं की मी कौतुक केलं. किती समजूतदार सासरा, असंही मनात म्हटलं. ते कौतुक मला पुढे फार दिवस बोचलं.

जुई चवड्यावर चालायची. आपण सगळेच ते पाहायचो आणि कोणालाच दिसत नव्हतं. पाहुणे म्हणायचे, नाचरी आहे. दर रविवारी सातपाटीहून मासळी घेऊन येणारी हेमामावशी म्हणायची, "बाय, तुजी पोर बगल्यावानी चालते. पानी नाय तरी पाय वर." आपण हसायचो. तुम्हीही हसायचात, पण तुमचं हसू लवकर संपायचं, हे मला आता आठवतं. आणि तिला कोणी "टाच टेकव गं" म्हटलं की तुम्ही पेपरातून डोकं वर काढून म्हणायचात, "असू दे. चालू दे तिला."

तुमचीही चाल वेगळी होती, पण तिला कारण होतं. कंपनीत पायावर पाइप पडला होता, असं प्रशांत लग्नाच्या वेळी सांगायचा. त्यालाही ते तुम्हीच सांगितलं होतं. तुम्ही उतारावरून चालल्यासारखे थोडे पुढे झुकून चालायचात. खाली उकिडवं कधी बसायचा नाहीत, कायम स्टूल. फ्लॅट घेताना तुम्ही एकच अट घातली होतीत, कमोड पाहिजे. साताऱ्याकडचे सगळे भाऊबंद हसले होते, आप्पाला बोईसरची हवा लागली म्हणून. ही एकेक गोष्ट घरात सर्वांना माहीत होती. एकापुढे एक ठेवून कोणी वाचली नव्हती.

बालवाडीच्या बाईंनी पहिल्यांदा सांगितलं. जुई साडेचार वर्षांची होती. रांगेत चालताना पडते, बाकीची मुलं खाली बसून मातीत खेळतात तेव्हा ही मागे कलंडते. एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाल्या. आपण चौघे पालघरला गेलो. तुम्हाला यायचं नव्हतं. जुईनेच तुमचं बोट सोडलं नाही.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी जुईला खोलीभर चालवलं, धावायला लावलं, मग टेबलावर आडवं केलं. गुडघा सरळ ठेवून त्यांनी तिचं पाऊल हळूच वर ढकललं. काटकोनाच्या अलीकडेच ते अडलं. मग गुडघा वाकवून ढकललं, तेव्हा थोडं जास्त आलं. त्यांनी माझी बोटं तिच्या टाचेमागे ठेवली. "ही दोरी लागते ना हाताला? पोटरीचा स्नायू आणि ही दोरी, दोन्ही आखडलेत. ती हट्टाने असं चालत नाही. तिला टाच टेकवा म्हणून ओरडत असाल तर ते आजपासून बंद."

मग ते विचारत गेले. चालायला कधी लागली? पहिल्या दिवसापासून अशीच, की आधी नीट चालायची आणि नंतर हे सुरू झालं? एकाच पायावर की दोन्ही? बाळंतपणात काही अडचण? बोलणं, इतर मुलांत मिसळणं कसं आहे? चांगली चालत असताना हे मध्येच सुरू झालं असतं, किंवा एकाच पायाचं असतं, तर मला जास्त काळजी वाटली असती, असंही म्हणाले. मी उत्तरं देत होते. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी असं चालतं का? लहानपणी चालायचं का? हे बरेचदा घराण्यात असतं."

मी प्रशांतकडे पाहिलं. त्याने नाही अशी मान हलवली. तुम्ही मागच्या बाकावर होतात. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात, "नाही. आमच्यात कोणालाच नाही."

घरी तुम्ही न्हाई म्हणायचात. तिथे नाही म्हणालात, शाळेत उत्तर दिल्यासारखं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू ठीक आहेत ना, एवढी खात्री करून घेऊ. रक्त तपासू, आणि मुंबईला एका मॅडमकडे पाठवतो. त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला त्यातले दोनच शब्द ऐकू आले: स्नायूंचा आजार.

मुंबईची वेळ दोन महिन्यांनंतरची मिळाली. त्या दोन महिन्यांत मी काय केलं ते तुम्ही पाहिलं आहे. मी ग्रंथालयात बसून वाचू नये ते सगळं वाचलं. स्नायूंच्या काही आजारांत मूल चवड्यावर चालतं, आणि जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत रोवत उभं राहतं, असं एका ठिकाणी वाचलं. त्या दिवसापासून मी घरात मुद्दाम पेन्सिल खाली टाकायला लागले. "जुई, जरा दे गं." ती उचलून उठायची आणि मी तिच्या हातांकडे पाहायचे. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. तिला तो खेळ वाटायचा. तुम्ही खुर्चीतून पाहत असायचात. एकदा पेन्सिल तुमच्या स्टुलाखाली गेली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सुजाता, पुरे कर आता. काय न्हाई तिला." मी म्हणाले, "तुम्हाला काय माहीत?" तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत.

आप्पा, ते मिटलेलं तोंड मी कितीतरी दिवस विसरले नाही.

मुंबईच्या मॅडमनी जुईला तपासून, रिपोर्ट पाहून सांगितलं, मेंदू ठीक, नसा ठीक, स्नायूंचा आजार नाही. काही मुलं कारण न सापडता अशी चालतात. बरीचशी आपोआप सुटतात, काहींची पोटरी आखडत जाते. तुमच्या मुलीची आखडली आहे, तेवढ्यावर इलाज करा. मी तिथल्या जिन्यात बसून रडले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही देवापुढे उभे राहिलात आणि बराच वेळ वळला नाहीत.

पुढच्याच रविवारी आपण चिंचणीला समुद्रावर गेलो. वाळूत चालणं चांगलं, असं कोणीतरी सांगितलं होतं. ओहोटी होती. वाळू ओली आणि पाटीसारखी सपाट. तुम्ही नेहमीप्रमाणे सुरूच्या झाडांखाली चपला घालून बसलात. जुई पाण्याकडे धावली, शिंपल्यावर पडली आणि किंचाळली. तुम्ही उठलात. चपला तिथेच राहिल्या. माझ्याआधी तिच्यापाशी पोचलात आणि तिला उचललंत.

मी मागून येत होते. वाळूत ठशांच्या दोन रांगा होत्या, एक लहान आणि एक मोठी. दोन्हींत पाच बोटं होती, चवडा होता. टाच कुठेच नव्हती.

मी त्या ठशांपाशीच थांबले. तुम्ही वळलात, माझ्याकडे पाहिलंत, मग मी जिकडे पाहत होते तिकडे पाहिलंत. जुई तुमच्या कडेवर हुंदके देत होती.

"पाइप पडलाच नव्हता ना?" मी विचारलं.

"न्हाई."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"तिथं एवढी माणसं होती..."

"कोण माणसं आप्पा? मी, प्रशांत आणि डॉक्टर!"

तुम्ही जुईला प्रशांतकडे दिलंत. मग वाळूकडे पाहत बोललात, आणि बारा वर्षांत एका दमात इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गावच्या शाळेत गुरुजी तुम्हाला फळ्यापाशी उभं करायचे आणि दोन्ही टाचांखाली एकेक खडू ठेवायचे. खडू मोडला की जागेवर बसायचं. "मी जोर लावायचो गं. पार मांड्या थरथरायच्या. खडू काय मोडायचा न्हाई. पोरं हसायची. चवड्या म्हणायची. मग सगळं गावच म्हणाया लागलं. आईसुदिक म्हणायची, चवड्या, जेवाया ये. माझं नाव कुणाला ठावं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी हितं आलो, कंपनीत. हजेरीवाल्यानं पयल्यांदा नाव पुकारलं तेव्हा मी ओ द्यायचा विसरलो."

मग म्हणालात, "बुटाची शिट्टी खराब नव्हती. दुकानदारानं अंगठ्यानं दाबून दाखवली. वाजली. म्हणाला, चाचा, जूता ठीक है, बच्ची की एड़ी नीचे नहीं आती. मला काय ठावं नव्हतं का? तिनं पयलं पाऊल टाकलं त्याच दिवशी मला दिसलं होतं. म्हटलं शिट्टी नसंल तर कोण इचारणार न्हाई. पोरीला नाव पडू नये, सुजाता. पाय एकवेळ बरा होतो, नाव जात न्हाई."

कोणीही विरघळावं असं ते बोलणं होतं. मी विरघळले नाही. मला पेन्सिली आठवत होत्या. मी म्हणाले, "तुम्ही नावाला घाबरलात आणि मी दोन महिने तिच्या मरणाला घाबरत होते." मी चप्पल झटकली आणि गाडीकडे चालू लागले.

तुम्ही हो म्हणाला असतात तरी डॉक्टरांनी कदाचित त्या तपासण्या केल्याच असत्या. पण मला घरात धरायला एक गोष्ट मिळाली असती. साठी ओलांडलेला, कंपनीत चाळीस वर्षं पाळ्या केलेला, जिवंत माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, चवड्यावर चालणारा. त्याच्याकडे बघून मला रात्री झोप लागली असती.

मग व्यायाम सुरू झाले. पालघरच्या दवाखान्यातली फिजिओ शर्वरी, माकुणसार गावची. बोलण्यात गोड आणि कामात कडक. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर धरायचं, तीस आकडे म्हणायचे, सोडायचं. टाचांवर चालायचं. चढावर चालायचं. उकिडवं बसून खेळायचं, टाचा जमिनीला लावून. झोपताना पाऊल वर धरून ठेवणारा पट्टीचा बूट. तीस आकडे तुम्ही मोजायचात, आणि पंचविसाच्या पुढे तुमचा वेग वाढायचा. "आजोबा चीटिंग करतात," जुई सांगायची आणि शर्वरी तुमच्याकडे बघून म्हणायची, "आजोबा, तुम्ही तिचे वकील आहात का?"

चार महिन्यांनी पाऊल थोडंच वर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर करू. दोन्ही पायांना गुडघ्याखाली, दर आठवड्याला काढून पाऊल थोडं वर आणायचं आणि नवीन घालायचं, साधारण पाच-सहा वेळा. हे चुकवलं आणि आखडत गेलं, तर पुढे ऑपरेशनचा विचार करावा लागेल. त्या संध्याकाळी आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, "पोर पळते, जिना चढते, झाडावर चढते. तिला बांधून ठेवायचं, का तर चारचौघांसारखी दिसावी?"

"दिसण्यासाठी नाही. पोटरी अजून आखडेल. पडेल, गुडघे दुखतील, कंबर दुखेल."

"मी चाललोच की साठ वरसं."

आणि मी म्हणाले, "चाललात. पण कसे?"

प्रशांत म्हणाला, "सुजाता!" तुम्ही कप खाली ठेवलात आणि आत गेलात. जाताना तुमची ती चाल मला पाठमोरी दिसली, आणि आपण काय बोललो ते मला कळलं. चवड्या न म्हणता मी तुम्हाला चवड्या म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरच्या खोलीत तुम्ही आमच्याआधी हजर होतात. निळं प्लास्टर जुईने निवडलं होतं. ते ओलं असताना डॉक्टरांनी पाऊल धरून ठेवलं तेव्हा ती तुमच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तुम्ही तीस आकडे म्हटलेत. या वेळी पंचविसाच्या पुढे घाई केली नाहीत.

ते आठवडे तुम्ही घरात एक कायदा केलात. "टाच" हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. पाहुण्यांना दारातच सांगायचात. एकदा साताऱ्याची आत्या म्हणाली, "अगं बया, लंगडी झाली का काय पोर?" तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "आक्का, तिचं नाव जुई हाय. दुसरं काय बोलायचं असंल तर चहा पिऊन गाडी पकड." आत्या चहा न पिताच उठली.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय बारीक, कातडी खवलं पडल्यासारखी. आणि टाच जमिनीला लागत होती. पण जुई रडली. तिला जमीन ओळखीची वाटेना. होडीत उभी राहिल्यासारखी डुलत होती. पाय वळवता आला, सवय वळायची राहिली होती. शर्वरी म्हणाली, आता तिला आठवण करून देत राहायची, पण ओरडून नाही. ते कसं करायचं, हे तिने सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही तुमचा हत्यारांचा डबा काढलात. तळाशी काडेपेटी होती, तिच्यात कापसात गुंडाळलेल्या दोन शिट्ट्या. तीन वर्षं तुम्ही त्या जपल्या होत्या. मी दारात उभी होते. तुम्ही जुईच्या नव्या बुटांचे तळ कोरलेत, शिट्ट्या बसवल्यात आणि अंगठ्याने दाबून पाहिल्यात. पीं. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "काढायला दहा मिनिटं लागली होती. बसवायला तास लागला."

दुसऱ्या दिवसापासून घर वाजायला लागलं. टाच टेकली की पीं, चवड्यावर गेली की शांत. कोणाला काही बोलावं लागत नव्हतं. शांतता झाली की जुई स्वतःच थबकायची आणि टाच खाली आणायची. दुपारी झोपमोड झाली म्हणून खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तर तुम्ही जिन्यात जाऊन त्यांना चक्क हात जोडलेत.

हेमामावशीने तिला बोंबील साफ करायला शिकवलं. ती आपल्या पॅसेजमध्ये पाटी उतरवून उकिडवी बसायची, पावलं सपाट, जणू जमिनीतूनच उगवलेली. जुई समोर तशीच बसायची. पहिल्यांदा मागे पडली, मग मावशीचा गुडघा धरून टिकली, मग गुडघा सोडून. मावशी तुम्हाला हाक मारायची, "आजोबा, तुमी पन बसा की खाली."

"मला स्टूल बरं."

"स्टुलावर बसून बोंबील साफ व्हत नाय. खायला बरे येतंय!"

"खायला मी टेबलाशी बसतो."

"बसा, बसा. पोर हाय म्हनून बोंबील मिलतंय तुमाला."

जुई एकदा शर्वरीला म्हणाली, आजोबांचे पण करा. शर्वरीने तुम्हाला टेबलावर झोपवलं, गुडघा सरळ धरून पाऊल ढकललं आणि माझ्याकडे पाहिलं. ते दगडासारखं होतं. तुम्ही छताकडे बघत विचारलंत, "ह्या वयात काय व्हायचं न्हाई ना?" ती म्हणाली, "लांबायचं नाही फारसं आजोबा. दुखणं कमी करता येईल." तुम्ही म्हणालात, "न्हाई लांबलं तरी चालंल. तुम्ही हात लावला, बास झालं." त्या पायाला त्याआधी कोणी न हसता हात लावला असेल का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. तुम्हाला मी विचारला नाही.

आता जे बोलायचं राहिलं ते.

दोन वर्षांपूर्वी जुईला नेहमीच्या तपासणीला नेलं होतं. तुम्ही बाहेर बाकावर होतात. मी शर्वरीला विचारलं, दोन वर्षांची असताना, ते शिट्टीचे बूट आणले तेव्हाच आलो असतो, तर प्लास्टर टळलं असतं का? खरं तर मला ती हो म्हणायला हवी होती. तेवढ्यासाठीच मी विचारलं होतं. ती जरा विचार करून म्हणाली, "त्या वयात बरीच मुलं अशी चालतात. पोटरी मोकळी असती तर मी बहुतेक म्हटलं असतं, थांबा, लक्ष ठेवा, तीन वर्षांची झाली की दाखवा. त्या शिट्टीचं फार मनाला लावून घेऊ नका. त्यापुढचं दीड वर्ष वाया गेलं नसतं तर कदाचित फरक पडला असता. नक्की नाही सांगता येत."

म्हणजे ज्या दिवसासाठी मी तुम्हाला सगळ्यात जास्त दोष दिला, तो दिवस तुमच्या खात्यावर लिहिण्यासारखा नव्हताच. आणि पुढचं दीड वर्ष? त्यात तुमच्याइतकीच मीही होते, प्रशांत होता, नाचरी म्हणणारे सगळे होते. तुम्ही जाणून गप्प होतात, मी न जाणता. गप्प दोघंही होतो.

मी बाहेर आले. तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली?" मी म्हणाले, "चांगलं आहे सगळं." घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. मग दिवाळीला सांगू. मग निवांत सांगू. तुम्ही त्या बुटांचं ओझं घेऊन फिरत होतात, हे मला दिसायचं. जुई कुठे अडखळली की तुम्ही आधी माझ्याकडे बघायचात. एका वाक्याने ते उतरलं असतं. ते वाक्य माझ्याकडे होतं आणि मी ते दिलं नाही. राग सवयीचा झाला होता, आप्पा. त्याच्याशिवाय चालायचं तर जमीन अनोळखी वाटली असती.

डॉक्टरांपुढे तुम्ही नाही म्हणालात, त्याबद्दल मी अजून भांडेन. तेवढं भांडण मी ठेवून घेते. पण शिट्टीचं मिटलं. तिथे तुमची चूक नव्हती. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं आणि मंगळवारी सकाळी चहा ठेवताना मी नेहमीसारखी गप्प होते.

जुई अजूनही फार आनंद झाला की चवड्यावर येते. दोन-चार पावलं, मग उतरते. मी काही म्हणत नाही.

आज सकाळी मी चपलांचा स्टँड पुसला. तुमचा जुना जोड कोणाला द्यायचा नाही असं प्रशांत म्हणाला. मी तो उलटा करून पाहिला. पुढचा भाग झिजून पातळ झाला आहे, टाचेवर चपलेच्या कंपनीचा छाप अजून वाचता येतो. शेजारी जुईचे शाळेचे बूट आहेत. त्यांच्या टाचा झिजल्या आहेत.